गच्चीवरच्या उन्हावर सोसायटीतल्या गाड्यांचे चार्जिंग: मुंबईतल्या इमारतीसाठी सविस्तर कृती

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये विजेवरच्या गाड्यांचा विषय निघाला की पहिले कोटेशन मागवले जाते ते सोलर पॅनलचे. पॅनल डोळ्यांना दिसतात, अनुदान मिळते, सभेत टाळ्या पडतात. पण चार्जिंग अडते ते मीटर रूममध्ये, केबलच्या जाडीत आणि मातीत गाडलेल्या अर्थिंगमध्ये. म्हणून क्रम असा ठेवा: आधी गाड्यांना रोज किती युनिट लागतात ते, मग मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला ठरवून दिलेली कमाल मर्यादा) आणि मीटर, मग केबल व संरक्षण, आणि पॅनल शेवटी. या क्रमाने केलेले काम स्वस्त पडते आणि दोन वर्षांनी उखडावे लागत नाही.

रोजची गरज मोजा

दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट अशी सोसायटी धरू. आज सहा कार आणि चार स्कूटर विजेवरच्या आहेत. मुंबईत कामाच्या दिवशी कार साधारण ४० किलोमीटर धावते. चार्जिंगमधली गळती धरून छोट्या-मध्यम कारला एवढ्या अंतरासाठी सुमारे ६ युनिट लागतात. स्कूटरला ३० किलोमीटरला १ युनिट पुरते. म्हणजे ३६ अधिक ४, रोजची ४० युनिट. बॅटरी ३० युनिटची की ५० युनिटची, याने या हिशेबात फरक पडत नाही. मोजायची ती रोजची धाव, टाकीचे माप नव्हे.

हा आकडा हाती आला की चार्जर किती मोठा घ्यावा हा वादही मिटतो. ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर रात्री आठ तासांत २६ युनिट देतो, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. शहरात फिरणाऱ्या कारला एवढे भरपूर झाले. टॅक्सी चालवणारे किंवा दर आठवड्याला गावी जाणारे सभासद असतील तर एक-दोन जागी ७.४ किलोवॅटचा टाइप-२ (कारसाठीच्या एसी प्लगचा) चार्जर बसवा. ३० किंवा ६० किलोवॅटचा डीसी फास्ट चार्जर सोसायटीत बसवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी रात्रभर उभी असते. तिला अर्ध्या तासात भरण्यासाठी अख्ख्या इमारतीचा भार दुप्पट करण्यात अर्थ नाही.

मंजूर भार: जोडणी वाढवण्याआधी वेळ विभागा

सामाईक मीटरचे बिल काढा आणि मंजूर भार पाहा. समजा तो २५ किलोवॅट आहे. दोन लिफ्ट साडेसात-साडेसात किलोवॅटच्या, पंप साडेपाचचा, जिन्यातले दिवे दोनाचे. सगळे एकदम चालले तर साडेबावीस. सहा कारना ७.४ किलोवॅटचे चार्जर दिले आणि संध्याकाळी आठला सगळ्यांनी एकदम लावले तर ४४ किलोवॅटची भर पडते. मेन स्विच पडणार, आणि पडणार तो लिफ्टमध्ये माणसे असताना.

पण रात्री ११ ते पहाटे ६ या वेळात लिफ्ट जवळपास थांबलेल्या असतात. त्या सात तासांत चार्जिंगला मिळून फक्त १५ किलोवॅट दिले तरी १०५ युनिट होतात. गरज ४० ची आहे. म्हणजे भार वाढवण्याचा अर्ज न करता आजच्या दुपटीहून जास्त गाड्या भरता येतात, फक्त कोणी किती ओढायचे यावर लगाम हवा. याला लोड मॅनेजमेंट म्हणतात. मेन इनकमरच्या, म्हणजे इमारतीत वीज आणणाऱ्या मुख्य केबलच्या, तिन्ही फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर (करंट मोजणाऱ्या कड्या) बसवतात, कंट्रोलर दर काही सेकंदांनी एकूण भार पाहतो आणि चार्जरना करंट कमी-जास्त करायला सांगतो. पालिकेचे पाणी पहाटे येत असेल तर पंपही तेव्हाच चालतो. कंट्रोलर त्याला वाट करून देतो आणि पंप थांबला की चार्जिंग पुन्हा वाढवतो. चार्जर घेताना तो ओसीपीपी (चार्जर आणि कंट्रोलर यांच्यातली सामाईक भाषा) १.६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर चालतो आणि बाहेरच्या कंट्रोलरचे ऐकतो, हे लेखी घ्या. हे नसलेला स्वस्त चार्जर पुढे कशालाच जोडता येत नाही.

कागदावरच्या भारावर विसंबू नका. प्रत्यक्ष आठवडाभर मोजा. स्मार्ट मीटर लागला असेल तर वीज कंपनीच्या ॲपवर ठराविक अंतराने नोंदी मिळतात. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून नोंद ठेवणारा क्लॅम्प मीटर लावून घ्या. शनिवार-रविवार सोडू नका.

कुठल्या मीटरवर? इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात

तीन वाटा आहेत.

पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या फ्लॅटच्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल ओढायची. तीन-चार गाड्यांपर्यंत हे सोपे आहे, बिलाचा वाद नाही. दहाव्या गाडीला मात्र मीटर रूममधून निघणाऱ्या केबलींचा गुंता होतो, एकत्रित भारावर कोणाचेच लक्ष नसते, आणि गच्चीवरच्या सोलरचा या गाड्यांना थेट उपयोग नसतो.

दुसरी, सामाईक मीटरवर चार्जर आणि प्रत्येकाला सबमीटर, म्हणजे त्याचा वापर वेगळा मोजणारा छोटा मीटर. लहान आणि मध्यम सोसायटीला ही वाट आम्ही सुचवतो. ग्राहकाने आपल्याच जागेत आपली गाडी भरली तर त्या जोडणीचाच दर लागतो.

तिसरी, चार्जिंगसाठी वेगळी जोडणी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र दरवर्ग ठेवला आहे. गाड्या वीस-पंचवीसच्या पुढे गेल्या की ही वाट बरी. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, आणि कागदपत्रे पूर्ण असतील तर महानगरात नवी जोडणी ३ दिवसांत द्यायची असते. जाळे वाढवावे लागले तर मात्र ही मुदत लागू होत नाही. अर्ज कुठे करायचा ते पत्त्यावर ठरते: शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण.

आता नेहमी घडणारी चूक. सोलरचे नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली युनिट बिलातून वजा करणे) सामाईक मीटरवर होते आणि चार्जर वेगळ्या जोडणीवर जातात. मग गच्चीवरच्या युनिटांमधून लिफ्टचे बिल कमी होते, गाड्यांचे बिल पूर्ण येते, आणि ‘सोलर लावूनही चार्जिंग महाग’ अशी तक्रार सुरू होते. सोलर आणि चार्जर एकाच मीटरमागे हवेत. शिवाय नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, हेही आधीच पाहा.

आणखी एक गोष्ट बारकाईने वाचा. ज्या जोडणीला वेळेनुसार दर लागतो, तिथे दुपारी ग्रिडला दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटाविरुद्ध जसेच्या तसे वळते होईलच असे नाही. पॅनल बनवतात दुपारी, गाड्या भरतात रात्री. म्हणून चालू दरआदेश वाचल्याशिवाय ‘इतक्या वर्षांत पैसे वसूल’ हा विक्रेत्याचा तक्ता खरा मानू नका. दिवसा घरी उभ्या असलेल्या गाड्या, निवृत्त सभासदांच्या गाड्या, रविवारच्या गाड्या सकाळी १० ते ३ मध्ये भरण्याची सवय लावली तर ऊन जागच्या जागी वापरले जाते आणि हा प्रश्नच कमी होतो.

गच्ची

मुंबईत १ किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिटांच्या आसपास देते. रोजच्या ४० युनिटांना १० किलोवॅट लागले. ५४० वॉटचे १९ पॅनल, चालायची वाट धरून साधारण १,००० चौरस फूट मोकळी जागा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येते. ती तूट ग्रिड भरते. तेवढ्यासाठी पॅनल वाढवू नका आणि बॅटरीही घेऊ नका.

जागा मोजताना टाक्या आणि लिफ्ट रूमची सावली धरा. २१ डिसेंबरला मुंबईत दुपारी बारा-साडेबाराला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. ३ मीटर उंच लिफ्ट रूमची सावली तेव्हा उत्तरेला पावणेतीन मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य डोक्यावरून उत्तरेला कलतो, त्यामुळे उत्तरेकडच्या टॉवरचाही विचार करा. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास ठरला असेल तर त्याचे मजले विचारून घ्या. एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली त्या अख्ख्या रांगेचे उत्पादन खाली ओढते.

इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागते. ऑडिटरला सांगाड्याचे वजन आणि वाऱ्याची ओढ दोन्ही द्या. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. तुमचाच पुनर्विकास चार-पाच वर्षांत होणार असेल तर नटबोल्टचा, उतरवून नेता येणारा सांगाडा घ्या.

गच्चीच्या स्लॅबला भोके पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की वरच्या मजल्यावरची गळती आणि सोलर यांचे भांडण कायमचे. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय उभे करा, ठोकळ्याखाली पाणी वाहायला वाट ठेवा. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) हवे, थर ८० मायक्रॉनचा. दुकानात मिळणारा चंदेरी रंग मारलेला अँगल खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतो. समुद्राजवळ नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. कल १० ते १५ अंश ठेवा. १० पेक्षा कमी ठेवला तर धूळ खालच्या कडेला चिखल होऊन बसते, फार वाढवला तर वारा भरतो.

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, चार्जिंग धरून, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटला १,८०,००० रुपये. त्यासाठी देशात बनवलेल्या सेलचेच पॅनल लागतात, तेव्हा कोटेशनमध्ये तसे स्पष्ट लिहून घ्या. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरच्या अर्जाला वीज कंपनीच्या तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाची गरज नसते.

केबल आणि संरक्षण

मीटर रूमपासून पार्किंग ६० मीटर लांब आहे असे धरा. ७.४ किलोवॅटचा चार्जर एका फेजवर ३२ अँपिअर ओढतो. ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल टाकली तर वाटेत सुमारे १२ व्होल्ट गळतात, म्हणजे ५ टक्के. १० चौरस मिलिमीटरला ७ व्होल्ट, ३ टक्के. ही मर्यादा समजा. संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असते, त्यात हे १२ व्होल्ट गेले की चार्जर मध्येच थांबतो आणि दोष गाडीला दिला जातो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मीटर रूममधून पार्किंगपर्यंत एकच तीन-फेज आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल आणि तिथे वितरण पेटी. १५ किलोवॅट तीन फेजवर वाटले की फेजला २२ अँपिअर येतात, आणि १० चौरस मिलिमीटरच्या चार-कोर तांब्याच्या केबलवर गळती १ टक्क्याच्या आसपास राहते. केबल एकदाच टाकली जाते, म्हणून १६ ची टाका. चार्जर आर, वाय, बी या तिन्ही फेजवर आळीपाळीने जोडा; सगळे एकाच फेजवर जोडून ठेवणारे वायरमन कमी नाहीत.

प्रत्येक चार्जरला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त ओढला गेला की वीज तोडणारा स्विच) द्या, कमीत कमी टाइप-ए, आणि तो न्यूट्रलही तोडणारा हवा. ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचा. घरात सर्रास मिळणारा टाइप-एसी इथे चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी करंट गळू लागला तर टाइप-एसी आंधळा होतो आणि खरा शॉक लागताना पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर टाइप-बी लागतो. पैसे वाचवायला चार चार्जर एका आरसीसीबीवर (फक्त गळतीवर पडणाऱ्या स्विचवर) जोडले की एका गाडीतल्या ओलाव्याने चौघांच्या गाड्या सकाळी रिकाम्या.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतल्या तीन गोष्टी वायरमनला तोंडपाठ हव्यात: सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, गाडीचे चार्जिंगचे तोंड चार्जरपासून ५ मीटरच्या आत, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. स्कूटरसाठी भिंतीतले साधे १६ अँपिअरचे सॉकेट वापरत असाल तर रात्रभराच्या सलग करंटने त्याचे टर्मिनल सैल होते, मग गरम, मग वितळते. निळे औद्योगिक सॉकेट बसवा. दर तीन महिन्यांनी चार्जिंग सुरू असताना प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर त्याच दिवशी बदला.

अर्थिंग नव्याने करा. जुन्या इमारतींत अर्थची पट्टी मीटर रूममध्ये दिसते, पण खाली गंजून तुटलेली असते. पंखे-दिवे त्यावर चालतात, चार्जर मात्र सुरू होताना अर्थ तपासतो आणि लाल दिवा दाखवतो. चार्जर खराब म्हणून परत पाठवण्याआधी मल्टिमीटर लावा: फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. अर्थ रोधाचे लक्ष्य ५ ओहमच्या खाली ठेवा, आणि मोजणी मेमध्ये करा, कारण पावसाळ्यात ओल्या मातीत वाईट अर्थही चांगला दिसतो. सोलरचा डीसी भाग, एसी भाग आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक यांना अर्थिंगचे वेगवेगळे खड्डे द्या.

पार्किंगची जागा

हिंदमाता, सायन, मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या परिसरात ८०० मिलिमीटरचा नियम पुरत नाही. वॉचमनला विचारा, भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ शोधा आणि पेटी त्या रेघेच्या किमान एक फूट वर बसवा. मेन आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) तळघरात नको, तळमजल्यावर उंच जागी हवा. पाणी शिरल्यावर खाली उतरून स्विच बंद करायची वेळ कोणावर येऊ नये. लाल आपत्कालीन बटण वॉचमनच्या केबिनजवळ लावा आणि ते कधी दाबायचे ते प्रत्येक पाळीच्या वॉचमनला दाखवा.

पझल किंवा स्टॅक पार्किंग (यंत्राने गाड्या सरकवणारे, एकावर एक ठेवणारे) असेल तर हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर लोंबती केबल नको. विजेवरच्या गाड्यांना न हलणाऱ्या जागा अदलाबदलीने द्या. हा ठराव सर्वसाधारण सभेत जड जातो, पण दुसरा स्वस्त उपाय नाही. जिन्याखाली आणि बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको, स्कूटरचेसुद्धा.

तळघरात मोबाइलची रेंज नसते हे चार्जर बसल्यावर लक्षात येते. ॲपशिवाय सुरू न होणारा चार्जर तिथे निव्वळ पेटी होऊन बसतो. लॅन केबल ओढा, किंवा नेटवर्क नसतानाही ओळखले जाणारे आरएफआयडी (चार्जरला टेकवायचे) कार्ड घ्या. वसुलीसाठी सबमीटरचे रीडिंग महिन्याच्या बिलात जोडा. दर म्हणजे ऊर्जा आकार, वहन आकार, शुल्क आणि देखभालीची छोटी रक्कम, एवढेच. सोलरचा फायदा सगळ्या सभासदांचा, कारण गच्ची सगळ्यांची. तो फक्त गाडीवाल्यांना दिला तर पुढच्या सभेत ठराव उलटतो.

हायड्रोजन या गणितात कुठे?

सोसायटीत नाही. कारण मोजून पाहा. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन बनवून ३५० किंवा ७०० बार दाबापर्यंत नेण्यात सुमारे ६० युनिट जातात, आणि फ्युएल सेलची (हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी) कार त्यावर साधारण १०० किलोमीटर धावते. तीच ६० युनिट बॅटरीच्या कारला ४०० किलोमीटर नेतात. वरचे १० किलोवॅटचे सोलर दिवसभरात पाऊण किलोसुद्धा हायड्रोजन देणार नाही.

हायड्रोजनची जागा जड वाहनांत आहे, जिथे बॅटरीचे वजन आणि थांबण्याचा वेळ परवडत नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली ३७ बस-ट्रक आणि ९ भरणा केंद्रांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, त्यांच्या मार्गांत पुणे–मुंबईही आहे. डेपोचा विचार करणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: रोज ३० किलो हायड्रोजनला १,८०० युनिट, म्हणजे मुंबईच्या उन्हात ४५० किलोवॅट पॅनल आणि एकराहून थोडी जास्त जागा. शिवाय शुद्ध पाणी. रासायनिक हिशेबानेच किलोला ९ लिटर, शुद्धीकरणात वाया जाणारे वेगळे. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात हा वायू पेट घेतो आणि दिवसा ज्योत जवळपास दिसत नाही. वर जाऊन छताखाली साठतो, म्हणून छत उघडे, कोनाडे नसलेले आणि गळतीचे सेन्सर सर्वांत उंच जागी हवेत. परवानगी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे स्फोटके आणि ज्वलनशील वायूंच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची. आराखडा काढण्याआधीच त्यांचे अंतराचे नियम पाहा. शहरातले बहुतेक प्लॉट तिथेच बाद होतात.

पहिला पावसाळा

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर सकाळी इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारी पेटी) सुरू होत नाही, पडद्यावर इन्सुलेशनचा दोष दिसतो आणि अकराच्या सुमारास ऊन पडले की आपोआप सुरू होतो. हे इन्व्हर्टरचे दुखणे नाही. पॅनलखाली लोंबणारा एखादा एमसी४ जोड (पॅनलच्या केबली जोडणारा प्लग) साचलेल्या पाण्यात बुडलेला असतो, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसवलेले असतात आणि फटीतून पाणी शिरते. असे जोड गरमही होतात आणि आग लावतात. मेच्या शेवटी सगळे जोड सांगाड्याला क्लिपने उचलून बांधा, दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या करा. बांधायला प्लॅस्टिकचे टाय नकोत, ते उन्हात वर्षभरात तुटतात. केबल पेटीत खालून शिरली पाहिजे, वरून नव्हे.

वीज गेली की ग्रिडला जोडलेले सोलर नियमानुसार बंद पडते, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती सोय आहे. सभासदांना हे आधीच सांगून ठेवा.

ऑक्टोबरपासून पॅनल दर पंधरा दिवसांनी धुवा, शेजारी बांधकाम असेल तर आठवड्याला. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग बसतात, तेव्हा टाकीचे पालिकेचे पाणी घ्या. धुणे सकाळी आठच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर तडा जाऊ शकतो. कबुतरांची विष्ठा हाताने, ओल्या फडक्याने काढा, कारण तेवढ्या एका डागाखालचा सेल तापून जळतो. आरसीबीओचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबा आणि तारीख पेटीच्या दारावर लिहा. न पडणारा आरसीबीओ त्याच दिवशी बदला, तोवर तो चार्जर बंद ठेवा.